दोन वाहनांमधील वाट

शाळेंत संस्कृत शिकवितांना मी मुलांना नेहमीं सांगत असें कीं, शब्द पाठ करणें अवघड नाहीं. चूक होते ती संधीच्या जागीं. एक शब्द संपतो व दुसरा सुरू होतो, त्या दोहोंमधील जागेंत मुलगा अडखळतो. प्रवासालाही हाच नियम लागू आहे, हें कळावयास मात्र मला साठी उलटावी लागली. विमान, आगगाडी व आगबोट हीं वाहनें आपापलें काम बहुधा नीट करितात. माणूस फसतो तो एकांतून उतरून दुसऱ्यांत चढेपर्यंतच्या चार-दोन कोसांत. २०२६ सालच्या माघांत आमच्या घरच्या मंडळींना मुंबईहून गोव्यास आगबोटीनें जाण्याचा योग आला. त्या निमित्तानें हे चार-दोन कोस मला जितके जवळून पाहावयास मिळाले, तितकी आगबोटही मिळाली नाहीं.

आमचें घर मुरुडास. म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यांतील, दापोली तालुक्यांतील, हर्णैजवळच्या मुरुडास. जंजिऱ्याजवळच्या मुरुडाशीं पुष्कळजण त्याची गल्लत करितात, आणि ती गल्लत आम्हांला कशी भोंवली तें पुढें येईलच. या प्रवासाचें खरें कारण आमच्या वहिनी. त्यांचें वय ब्याऐंशी. १९६३ सालीं लग्न होऊन त्या या घरीं आल्या त्या मुंबईहून आगबोटीनें, हर्णै बंदरीं उतरून. आगबोट दूर खोल पाण्यांत उभी राही. उतारूंना होडींत उतरवीत, आणि ओहोटी असली म्हणजे होडीही वाळूपासून दूर थांबे. मग खलाशी माणसांना खांद्यावर घेऊन कोरड्या जागीं पोंचवीत. नवी नवरी शालू सांवरीत खलाशाच्या खांद्यावर बसून सासरीं आली, ही कथा आमच्या घरांतील मुलांना पाढ्यांसारखी पाठ आहे. पुढें सडका झाल्या, एस. टी. आली, १९९८ पासून कोकण रेल्वे पुरी धांवूं लागली आणि त्या आगबोटी कधींच बंद पडल्या. "मरण्यापूर्वीं एकदां बोटींत बसावें," असें वहिनी अधूनमधून म्हणत. त्यांच्या अमेरिकेंतील मुलानें, म्हणजे माझ्या पुतण्यानें, तें मनावर घेतलें आणि मुंबई-गोवा जलविहाराचीं आठ तिकिटें काढलीं.

त्याचा बेत ऐकून मी मात्र दचकलों. त्याचें विमान सहारच्या विमानतळावर पहाटे दोन वाजतां उतरणार, सकाळीं कोठें तरी थोडी विश्रांति घ्यावयाची, आणि त्याच दिवशीं दुपारीं सर्वांनीं बंदरावर गांठ घालावयाची. बोट पांचला सुटणार. चढण्याचें दार साडेतीनलाच बंद होणार. "काका, मध्यें तेरा तास आहेत," तो फोनवर म्हणाला. मीं म्हटलें, "अरे, विमान वेळेवर आलें तर तेरा."

माझ्या या भित्रेपणाला घरचा एक इतिहास आहे. माझ्या आजोबांना मुंबईहून पत्र आलें कीं, गिरगांवांत दिलेली लेक फार आजारी आहे. मुरुडाहून हर्णै जेमतेम दीड कोस; तेवढ्यासाठीं बैलगाडी सांगितली. गाडी वेळेवर आली. परंतु शेजारच्या कोणाचा निरोप घ्यावयाचा म्हणून आजोबा अर्धा तास ओटीवर बसून राहिले. बंदरावर पोंचले तेव्हां शेवटची होडी परत येत होती आणि आगबोटीचा धूर सुवर्णदुर्गापलीकडे दिसत होता. दुसरी बोट मिळून ते मुंबईस गेले, पण लेक भेटली नाहीं. त्यानंतर आमच्या घरचा शिरस्ता असा पडला कीं, बोट धरावयाची तर आदल्या सायंकाळींच हर्णैस जावयाचें आणि ओळखीच्या घरीं पडवींत पथारी टाकावयाची. आजोबा याबद्दल फारसें बोलत नसत, असें वडील सांगत; ते फक्त लवकर निघत.

ही हकीकत पुतण्याला ठाऊक होती. तो निमूटपणें एक दिवस आधींच्या विमानानें येण्यास तयार झाला. राहिला प्रश्न मुक्कामाचा. माझें म्हणणें असें कीं, बिऱ्हाड विमानतळाजवळ करावें, म्हणजे दूरचा प्रवास करून आलेल्या मुलांना लगेच निजतां येईल. त्यावर सूनबाईनें मला निरुत्तर केलें. ती म्हणाली, "काका, विमानाला उशीर झाला तर आपण त्याची वाट पाहूं. आपल्याला उशीर झाला तर बोट आपली वाट पाहणार नाहीं. मग मुक्काम कोणाच्या दारांत हवा?" मी आजोबांचा नातू असूनही हें मला सुचूं नये! विमानतळाजवळ निजून सकाळीं पंचवीसएक किलोमीटर शहर ओलांडीत बंदरावर जाणें म्हणजे हर्णैची वाट दुसऱ्या दिवसावर ढकलणेंच होतें. आम्हीं फोर्टांतील एका जुन्या हॉटेलांत खोल्या घेतल्या. तेथून बंदर दीड किलोमीटरच्या आंत.

या तीन ठिकाणांविषयीं थोडें सांगितलें पाहिजे, कारण नांवांनीं फसण्यासारखें येथें पुष्कळ आहे. मुंबईच्या विमानतळाचीं दोन दारें आहेत, एक सांताक्रूझला व एक सहारला. परदेशचीं विमानें सहारकडे येतात. त्यांत डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या विमानतळावरूनही उड्डाणें सुरू झालीं. तो खाडीपलीकडे आहे. २०२४ च्या जानेवारींत शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतु खुला झाला. त्याची लांबी २१.८ किलोमीटर आहे. त्यामुळें तिकडून शहरांत येणें सुकर झालें हें खरें, पण ज्याला सहारला घ्यावयास जावयाचें त्याची वाट तिकडे पाहत बसलें तर कोणताही सेतु उपयोगाचा नाहीं. यास्तव तिकिटावरचें विमानतळाचें नांव दोनदां वाचावें.

बंदराचेंही तसेंच. आम्हां कोकणच्या माणसांना मुंबईची बोट म्हटली कीं माझगांवचा भाऊचा धक्का आठवतो. परंतु गोव्याच्या या मोठ्या बोटी आतां बॅलार्ड पियरवरून सुटतात. तेथें २०२५ सालीं जलविहारासाठीं नवें टर्मिनस उघडलें आहे. बॅलार्ड पियरची पूर्वींची व्यवस्था मला फार आवडते. विलायतेची टपालबोट जेथें लागे तेथेंच, धक्क्यावर, आगगाडीचें स्टेशन होतें. १९२८ सालीं सुरू झालेली फ्रंटियर मेल बोटीच्या हंगामांत थेट तेथून सुटे. उतारू बोटींतून उतरला कीं पांच-पंचवीस पावलांवर पेशावरची गाडी उभी! दोन वाहनांमधील वाटच जवळजवळ नाहींशी केलेली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत तें स्टेशन बंद पडलें, आणि आज आपल्याला टॅक्सी शोधावी लागते.

निघण्याच्या आदल्या रात्रीं सामान बांधतांना माझ्या नातवानें आधारपत्राची छायाप्रत पिशवींत टाकलेली मीं पाहिली. बंदरावर मूळ ओळखपत्रच लागतें. त्याला मीं आमच्या गांवच्या अण्णासाहेब कर्व्यांची गोष्ट पुन्हां ऐकविली: मुलगा परीक्षेसाठीं भर पावसांत मुरुडाहून साताऱ्यापर्यंत सुमारें ११० मैल चालत गेला, आणि वयानें फार लहान दिसतोस म्हणून त्याला परीक्षेस बसूंच दिलें नाहीं. एवढी वाट तुडवून शेवटीं दारांतून परत. नातू म्हणाला, "आजोबा, ही गोष्ट तुम्ही मला प्रत्येक परीक्षेच्या वेळीं सांगतां." पण मूळ पत्र घेतलें.

सकाळीं सहाला मुंबईहून मोटार येणार होती. पुतण्यानें अमेरिकेंतूनच ती ठरविली होती. सहा वाजले, साडेसहा झाले. मग चालकाचा फोन आला कीं, मी मुरुडांत उभा आहें, घर सांपडत नाहीं. विचारतां विचारतां उलगडा झाला. गृहस्थ जंजिऱ्याच्या मुरुडांत उभे! आमच्यामध्यें सावित्रीची खाडी आणि अर्धा दिवस. दोष कोणाला द्यावा? ज्यानें ठरविली त्यानें जिल्हा लिहिला नाहीं, ज्यानें घेतली त्यानें विचारला नाहीं. शेवटीं दापोलीची ओळखीची जीप बोलावून खेड गांठलें आणि आगगाडीनें रात्रीं दादरला उतरलों. तेथून टॅक्सीनें फोर्ट. बोटीला अजून जवळजवळ दोन दिवस होते, म्हणून ही फजिती हंसण्यावारी गेली.

त्या रात्रीं पुतण्या आलाच नाहीं. वाटेंतल्या एका विमानतळावर धुक्यानें विमानें अडकून पडलीं होतीं. मंडळींच्या रिकाम्या खोलीचें एका रात्रीचें भाडें माझ्या मनाला लागून राहिलें होतें हें कबूल करतों. वहिनी मात्र रात्रभर जाग्या होत्या, त्या भाड्यासाठीं नव्हे. दुसऱ्या दिवशीं दुपारीं एकला विमान उतरलें. परवान्याची तपासणी, सामान आणि जकात उरकून मंडळी बाहेर आली तेव्हां साडेतीन वाजले होते. साडेतीन! मूळच्या बेताप्रमाणें हेंच विमान बोटीच्या दिवशीं असतें तर ते सहारच्या दारांत आणि बोटीचें दार बंद, असें झालें असतें. पुतण्यानें तसें बोलून दाखविलें नाहीं. हॉटेलांत आल्यावर त्यानें मला वाकून नमस्कार केला, तेवढ्यानें समजलें.

सहारहून फोर्टला येण्याचा माझ्या नातवाचा हिशेब मला पटला. रिक्षा दक्षिण मुंबईंत येत नाहीं, हें पाहुण्यांना ठाऊक नसतें. काळ्यापिवळ्या टॅक्सींत चार माणसें बसतात, पण चार माणसांच्या अमेरिकेच्या पेट्या बसत नाहींत. म्हणून पेट्या व सूनबाई-पुतण्या एका मोठ्या भाड्याच्या गाडीनें निघालीं, आणि घ्यावयास गेलेला नातू दोन्ही मुलांना घेऊन भुयारी मेट्रोनें आला. ही मेट्रो २०२५ च्या ऑक्टोबरांत कफ परेडपर्यंत पुरी झाली. विमानतळापाशीं चढावें आणि हुतात्मा चौकांत उतरावें. मुलें पाऊण तासांत पोंचून, खाऊन, झोंपलींही. मोटार यावयास दीड तासाच्या वर गेला. परंतु ही वाट हातांत एखादी पिशवी असणाऱ्यासाठीं. पेट्या, म्हातारीं माणसें व रात्रीं उशिरा येणारीं विमानें यांसाठीं मोटारच बरी. मेट्रो रात्रभर चालत नाहीं.

बोटीच्या दिवशीं आम्ही साडेअकराला दोन गाड्या करून निघालों. दीड किलोमीटरसाठीं चार तास! पुतण्या हंसला, पण कांहीं बोलला नाहीं. पहिल्या गाडींत वहिनी, माझी पत्नी व मी. चालकानें विचारलें, कोठें? आणि आतांपर्यंत सर्वांना नांवें दोनदां वाचावयास सांगणाऱ्या या मास्तरानें उत्तर दिलें, "भाऊच्या धक्क्यावर." साठ वर्षांची जिभेची संवय! गाडी पी. डिमेलो रस्त्यानें उत्तरेकडे लागली. दोन्हीं बाजूंस पेटाऱ्यांसारखे लोखंडी डबे वाहणाऱ्या मालमोटारींची रांग. एकदां तींत शिरलें कीं वळतां येत नाहीं. वहिनी खिडकींतून पाहत होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "भाऊजी, तिकिटावर काय लिहिलें आहे तें वाचा बरें." मीं वाचलें. पत्नीनें माझ्याकडे पाहिलें नाहीं, हे तिचे उपकार. वळून बॅलार्ड पियरला येईपर्यंत एक वाजला. पुतण्या दारांत उभा होता, "चार तास पुरले का, काका?" एवढेंच त्यानें विचारलें.

टर्मिनसच्या दाराशीं मोठ्या पेट्यांना चिठ्ठ्या लावून त्या तेथेंच घेतात आणि मागाहून खोलींत पोंचवितात. त्याला कित्येक तास लागतात. म्हणून औषधें, चष्मा व रात्रीचे कपडे हातांतल्या पिशवींत असावेत. चाकांची खुर्ची तिकीट काढतांनाच सांगून ठेवली होती, ती मिळाली. नातवाचें मूळ आधारपत्र एका मुलीनें दिव्याखालीं धरून पाहिलें, तेव्हां त्यानें माझ्याकडे चोरून पाहिलें.

तपासणीनंतर एक झांकलेला लांब मार्ग लागला, त्याच्या टोंकास एक दार. दारापलीकडे गालिचा, दिवे, फुलें. वहिनींची खुर्ची आंत गेली. त्यांनीं मागें वळून विचारलें, "बोट कोठें आहे?"

"हीच बोट, आई," पुतण्या म्हणाला.

"पाणी दिसलेंच नाहीं," वहिनी म्हणाल्या. त्यांचा स्वर थोडा उतरला होता.

तें पाणी त्यांना रात्रीं दाखविलें. मध्यरात्रीच्या सुमारास पुतण्यानें त्यांना शाल गुंडाळून वरच्या मजल्यावर डाव्या कठड्याशीं आणलें. किनारा दूर होता. अंधारांत एक बत्ती थांबून थांबून लुकलुकत होती. ती हर्णैची कीं दुसरी कोठली, हें खात्रीनें सांगणारें जवळ कोणी नव्हतें. वहिनी बराच वेळ तिकडे पाहत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "भाऊजी, निघतांना ओटीवरचा दिवा शेजारच्यांना लावावयास सांगितला होता ना?"

सांगितला होता.