मफलर आणि मुठेल

थंडीच्या दिवसांतील पहांट ही अंथरुणांत पडून स्तुति करण्यास फार सुंदर असते. दुलईच्या फटींतून जो वारा आल्हाददायक वाटतो, तोच सायकलवर बसून समोरून घेतला म्हणजे त्याचा खरा स्वभाव कळून येतो. हें ज्ञान मला गेल्या पौषांत झालें; आणि त्याबरोबर दुसरेंहि एक झालें, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमचें गांव निफाड तालुक्यांत. हा मुलूख द्राक्षांचा, तसाच थंडीचा. हिवाळ्यांत येथील पारा कित्येकदां ५-६ अंश सेल्सिअसपर्यंत उतरतो, आणि द्राक्षांचे घड गारठूं नयेत म्हणून बागाईतदार रात्रीं बागांतून शेकोट्या पेटवितात. अशा वेळीं पहांटे चार वाजतां माझे वडील मोटारसायकलला दुधाच्या किटल्या बांधून निघतात. त्यांना आम्ही अण्णा म्हणतों. निघण्यापूर्वीं तोंडाला मुठेल चोळावयाचें, कानटोपी घालावयाची, गळ्याभोंवतीं व नाकापर्यंत जुना तपकिरी मफलर गुंडाळावयाचा आणि वर हेल्मेट, असा त्यांचा नित्याचा थाट. मुठेल म्हणजे कोकमाच्या बियांचें तेल. तें गोठून घट्ट राहतें, म्हणून मुठीनें त्याचे गोळे वळतात. गोव्यांत त्यालाच भिरंडेल म्हणतात. आमच्या आजीचें माहेर मालवणकडील. तिच्याबरोबर ही वस्तु आमच्या घरांत आली.

संमेलनाच्या आधींच्या पंधरवड्यांत मी नाटकाच्या संवादांची वही घरीं विसरलों. दूध घालून परत जातांना अण्णा ती देण्यास शाळेच्या फाटकाशीं आले. हेल्मेट काढलेलें, मफलर तसाच, तेलानें चकाकणारें तोंड, आणि गालांवर वर्षानुवर्षांच्या वाऱ्यानें पडलेल्या काळ्या रेघा. दोन मुलें हंसलीं. एकानें विचारलें, “हे कोण रे?” मीं उत्तर दिलें, “आमचे दूधवाले.”

त्या वाक्यांत एकहि शब्द खोटा नव्हता. आणि तरी त्याहून मोठें खोटें मी आजवर बोललों नव्हतों. अण्णांनीं वही माझ्या हातीं दिली, मफलर सारखा केला आणि ते निघून गेले. त्यांनीं ऐकलें किंवा नाहीं, हें मला कळलें नाहीं.

पुढच्याच आठवड्यांत ते तापानें आजारी पडले. दूरचीं घरें काकांनीं सांभाळलीं. गांवाजवळचीं वीस घरें मजकडे आलीं. पहिल्या दिवशीं मीं कढत पाण्यानें आणि साबणानें तोंड स्वच्छ धुतलें, केंस नीट विंचरले, आणि टोपी किंवा मफलर कांहींएक न घेतां सायकल काढली. मी कांहीं म्हातारा नव्हतों! एक मैल गेलों नाहीं तोंच डोळ्यांतून पाणी वाहूं लागलें, कान दुखूं लागले आणि गालांना कोणी खरखरीत काथ्यानें घासावें तसें झालें. ओंठ कोरडे पडले म्हणून मीं ते जिभेनें ओले केले. ते अधिकच कोरडे पडले. दुसऱ्या दिवशीं खालचा ओंठ फाटून रक्त आलें. दुपारीं तालमीस उभा राहिलों तर ‘प’ आणि ‘ब’ म्हणतांना डोळ्यांपुढें काजवे चमकूं लागले.

आमच्या शास्त्राच्या शिक्षकांनीं याचें कारण समजावून दिलें. आपलें शरीर आपल्या कातडीलगतचा हवेचा एक पातळ थर ऊन ठेवीत असतें. वारा तो थर उडवून नेतो. सिपल् व पासेल् ह्या दोन संशोधकांनीं अंटार्क्टिकांत बाहेर टांगलेल्या नळकांड्यांतील पाणी किती वेळांत गोठतें हें मोजलें आणि वाऱ्याच्या ह्या करणीचा हिशेब १९४५ सालीं प्रसिद्ध केला. २००१ सालीं सुधारलेल्या सूत्राप्रमाणें पाहिलें तर, हवा ५ अंशांवर असतां ताशीं २० किलोमीटर वेगाचा वारा तोंडावर घेणाऱ्याला ती सुमारें १ अंशाची भासते, आणि ५० किलोमीटर वेगाच्या वाऱ्यांत तर शून्याच्याहि खालीं. शिवाय थंड हवेंत बाष्प थोडें. ती कातडींतील ओलावा ओढून घेते. त्या ओलाव्यावर निसर्गानें जें स्निग्ध पांघरूण घातलेलें आहे, तें तर मीं साबणानें धुऊन टाकलें होतें! मुठेल काय, किंवा एका अमेरिकन गृहस्थानें १८७२ सालीं ज्याचें पेटंट घेतलें तें व्हॅसलीन काय, तें पांघरूण परत घालण्याचेंच काम करतें.

तिसऱ्या पहांटे मी दबक्या पावलांनीं निघत होतों, तोंच अण्णांनीं अंथरुणावरून हांक मारली. “इकडे ये. तोंड कोरडें आहे ना?” त्यांनीं मुठेलाचा तुकडा तळहातांवर घासून पातळ केला आणि माझ्या गालांना, नाकाला, ओंठांना हळूहळू चोळला. त्यांचे हात तापानें ऊन होते आणि बोटांच्या भेगा माझ्या गालांना लागत होत्या. “टोपी कानांवर घे, पण मागून आलेल्या गाडीचा आवाज ऐकूं यावा इतकीच. मफलराचीं टोकें अंगरख्यांत खोंच, चाकांत अडकतील. आणि ओंठ चाटूं नकोस.” मग थोडें थांबून ते म्हणाले, “शाळेजवळ आलास म्हणजे पुसून टाक हो. मुलें हंसतात.”

त्यांनीं ऐकलें होतें.

त्या दिवशीं वारा तितकाच होता, पण माझ्या गालांना तो बोचला नाहीं. डोळ्यांतून पाणी मात्र आलें, आणि त्याचा दोष वाऱ्याकडे नव्हता. शाळेंत मी तसाच तेलकट तोंडानें गेलों. दोघेतिघे हंसले आणि घटकाभरानें विसरूनहि गेले. एवढ्याशा हंसण्याला मी इतका भ्यालों होतों!

संमेलनाच्या दिवशीं ओंठ बरा झाला होता. अण्णाहि हिंडूं फिरूं लागले होते. ते येऊन अगदीं मागच्या बांकावर बसले. नाटक संपल्यावर मीं त्यांना हात धरून पुढें आणलें. तोच मित्र म्हणाला, “हे तुमचे दूधवाले ना?”

“होय,” मी म्हणालों, “आणि माझे वडील.”

अण्णा कांहीं बोलले नाहींत. त्यांनीं आपला मफलर काढला आणि माझ्या गळ्याभोंवतीं गुंडाळून त्याचीं टोकें आंत खोंचलीं. यंदा आजीनें मालवणाहून मुठेलाचे दोन गोळे मागविले आहेत.