तेलाचा ताप

घरात कुणाला ताप आला की आई आधी कपाळावर हात ठेवते. हात बरेच काही सांगतो, पण डॉक्टर विचारतात तो आकडा. मोटारसायकलच्या बाबतीत मात्र आपण अजून हात लावण्याच्या पुढे गेलेलो नाही. इंजिनला बोट लावले, चटका बसला, की "गाडी तापली" असा निकाल देऊन मोकळे होतो. साठ अंशांच्या धातूवरूनही हात झटकन मागे येतो. नव्वद अंश आणि एकशे तीस अंश यांतला फरक हाताला कळत नाही; इंजिनचे बरेवाईट मात्र त्याच फरकावर ठरते.

आमच्या घरी हा विषय निघाला कराडच्या फेऱ्यांमुळे. आम्ही चिपळूणचे. मुलांच्या नानी कराडला असतात. त्या पडल्या, मांडीचे हाड मोडले आणि अंथरुणाला खिळल्या. दर पंधरवड्याला डबा बांधून आम्ही नवरा-बायको आमच्या ३५० सीसीच्या बुलेटवरून कुंभार्ली घाट चढून जाऊ लागलो. फजरनंतर निघायचे आणि रात्रीपर्यंत परतायचे. मे महिन्यात मेहुण्यांनी बजावले, "दुल्हाभाई, ही गाडी विकून टाका. एवढ्या उन्हात दोघांना घेऊन घाट चढते. एक दिवस इंजिन जाम होईल आणि आपाला घेऊन तुम्ही भर घाटात उभे राहाल."

त्यांची काळजी खोटी नव्हती. पण गाडी विकून कार घेण्याची आमची ऐपत नाही आणि एसटीने त्याच दिवशी जाऊन येणे दरवेळी जमत नाही. गाडी गेली असती तर नानींकडच्या फेऱ्या निम्म्यावर आल्या असत्या. बेगम काही बोलल्या नाहीत, पण दोन दिवस त्यांचे जेवणात लक्ष नव्हते. शेवटी अकरावीतली आमची थोरली लेक म्हणाली, "अब्बू, मामू म्हणतात तापते, तुम्ही म्हणता तापत नाही. आपण मोजू या ना."

हवेने थंड होणाऱ्या इंजिनात रेडिएटर नसतो. सिलिंडरभोवतीच्या पातळ पात्यांवरून वारा वाहतो आणि उष्णता घेऊन जातो. उरलेले काम तेल करते. ते पिस्टन, बेअरिंग आणि गिअर यांना वंगण देते, तशीच त्यांची उष्णताही वाहून आणते. म्हणून इंजिनच्या आतले हाल विचारायचे तर तेलालाच विचारावे. तेलाच्या डब्यावर १५डब्ल्यू-५० असे लिहिलेले असते. त्यातला ५० हा आकडा तेल १०० अंश सेल्सिअसला किती दाट राहते यावरून ठरतो. साधारण ८० ते ११० अंश ही तेलाची सुखाची जागा. बराच वेळ १३० च्या वर राहिले तर ते पातळ होते, धातू-धातूंमधला पडदा विरळ होतो आणि तेल लवकर खराब होते.

मोजण्याचे दोन मार्ग होते. पहिला विजेचा. इंजिनखालच्या ड्रेन बोल्टच्या जागी सेन्सर बसवायचा आणि वायर वर हँडलवरच्या मीटरपर्यंत आणायची. चालता-चालता आकडा दिसतो ही त्याची सोय. पण आमचे गॅरेजवाले चाचा म्हणाले, "मास्तर, तुमच्या रस्त्यावरचे स्पीडब्रेकर पाहिलेत ना? खाली लोंबणारी वस्तू पहिल्याच आठवड्यात ठोकर खाईल. सेन्सर फुटला की तेल रस्त्यावर." शिवाय गाडीचे मूळ वायरिंग कापावे लागले असते. दुसरा मार्ग साधा. तेल ओतण्याच्या झाकणाच्या जागी घड्याळासारखी तबकडी असलेले झाकण बसवायचे. त्याची दांडी आत तेलात बुडते आणि काटा फिरतो. वायर नाही, फ्यूज नाही. आकडा मात्र थांबूनच बघायचा. आम्ही हाच घेतला.

घेण्याआधी लेकीने जुन्या झाकणाचा आटा व्हर्निअरने मोजला. आटा जुळला नाही तर तेल झिरपते. दांडीची लांबीही तितकीच महत्त्वाची. ती आखूड असली तर तेलाऐवजी वाफेचे तापमान दाखवते आणि लांब असली तर आतल्या फिरत्या भागांना लागते. चाचांनी टॉर्च लावून आतली जागा पाहिली, तेव्हाच व्यवहार केला.

नवे माप आधी स्वतः मोजून घ्यावे. शाळेतल्या विज्ञानाच्या सरांकडून प्रयोगशाळेचा थर्मामीटर आणला. पातेल्यात पाणी उकळले आणि दांडी दोरीने अशी टांगली की ती तळाला लागू नये, कारण तळ पाण्याहून जास्त तापलेला असतो. चिपळूण समुद्रसपाटीला लागून असल्याने पाणी १०० अंशांना उकळते. महाबळेश्वरला हाच प्रयोग केला तर ते ९५-९६ च्या आसपास उकळेल. आमचा काटा १०३ वर थांबला. साठ अंशांच्या पाण्यातही त्याने तीनच अंश जास्त दाखवले. लेकीने वहीत लिहिले, "प्रत्येक वेळी ३ वजा."

बसवायला दहा मिनिटेही लागली नाहीत. गाडी मधल्या स्टँडवर उभी केली, इंजिन पूर्ण थंड होऊ दिले आणि झाकणाभोवतीची माती पुसून काढली, नाहीतर ती आत पडते. रबरी रिंगला तेलाचे बोट लावले आणि झाकण हातानेच घट्ट केले. पाना लावला तर आटा खराब व्हायची भीती. मग इंजिन चालू करून कुठे झिरपते का ते पाहिले. हे सगळे लेकीने केले, चाचा फक्त शेजारी उभे होते.

पुढच्या फेरीला वही बेगमच्या पर्समध्ये होती. पोफळीपर्यंत सपाटीवर ९२. घाटात ट्रकच्या मागे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रखडलो. तिथे इंजिनवर भार जास्त आणि वारा कमी, म्हणून आकडा ११८. माथ्यावर पंधरा मिनिटे थांबून पाणी प्यायलो, तेवढ्यात तो शंभराच्या खाली आला. चार फेऱ्यांत १२१ च्या वर तो एकदाही गेला नाही. मेहुण्यांनी वही दोनदा वाचली आणि गाडी विकण्याचा विषय संपला. माथ्यावर थांबायचेच, एवढी एक अट त्यांनी घातली. ती आम्हाला मान्य आहे.

वहीने आणखी एक गोष्ट दाखवली, जी कुणाच्या ध्यानीमनी नव्हती. जूनमध्ये शाळा सुरू झाली. घर ते शाळा दीड किलोमीटर. शाळेच्या फाटकाशी काटा पन्नाशीही गाठत नव्हता. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ तयार होते. तिच्यातली थोडी खाली तेलात उतरते आणि तेल चांगले तापले तरच उडून जाते. रोज कोमट राहणाऱ्या तेलात ते पाणी साचते. जुलैत झाकण उघडले तर आतून साईसारखा पांढुरका थर दिसला. म्हणजे सगळ्यांना धास्ती होती घाटाची आणि गाडीला बाधत होती शाळेची छोटी फेरी. तेल बदलले. आता आम्ही छत्री घेऊन शाळेत चालत जातो.

लेकीला बारावीनंतर मेकॅनिकल इंजिनिअरिंग करायचे आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांपैकी काहींना ते मुलीसाठी पटत नव्हते. त्यावर निर्णय नानींनीच दिला. त्या आता काठी घेऊन दारापर्यंत येतात. आम्ही गाडी लावली की सलामाचा जवाब देतात आणि पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "आज काटा कितीवर होता? पोरीला सांगा, लिहून ठेव म्हणावं."