दुबळ्यांची फौज

शत्रु दुबळे असले म्हणजे लढाई लवकर आटोपते, असा सार्वत्रिक समज आहे. धंतोलींतील आमच्या घरीं रविवारीं दुपारीं जो खेळ मांडला जातो, तो पाहून आम्हांस या समजाविषयीं शंका येऊं लागली आहे. खेळ परदेशी, 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या नांवानें तो अमेरिकेंत १९७४ सालीं निघाला. एकजण सूत्रधार होतो, इतर वीर होतात, आणि वार लागला कीं हुकला हें वीस बाजूंचा फांसा ठरवितो. आमचा पुतण्या व त्याचे मित्र एखाद्या अजस्र राक्षसास अर्ध्या तासांत लोळवितात. पण बारा किरकोळ 'गॉब्लिन' समोर आले कीं चहा निवून जातो, तरी रण संपत नाहीं. राक्षसाची पाळी फेरींत एकदां, या बारांची बारा वेळां! प्रत्येकाचा फांसा वेगळा, जागा वेगळी, जखमांचा हिशेबहि वेगळा.

शास्त्रकारांनीं यावर उपाय योजले. १९८१ च्या आवृत्तींत शत्रूचें धैर्य दोन फाशांनीं अजमावून त्याला पळूं देण्याची सोय होती. २००८ च्या चौथ्या आवृत्तींत एकाच घावानें मरणारे 'मिनियन' आले. त्यांच्या जखमा मोजावयासच नकोत. ही दुसरी युक्ति ऐकून आम्हां प्राध्यापकांस परीक्षेचे दिवस आठवावेत, यांत नवल नाहीं. हुशार मुलाचा पेपर झरझर तपासून होतो. वेळ खातात ते दुबळे. अर्धवट वाक्य, खोडलेलें उत्तर, त्यांत दडलेला एखादा गुण! एका घावांत निकाल लावण्याचा मोह कोणास होत नाहीं?

ज्या नागपूरची दिव्या देशमुख २०२५ सालीं महिलांचा बुद्धिबळ-विश्वचषक जिंकून आली, तेथें पटावरचाच दाखला द्यावा. एकट्या राजासमोर राजा व उंट एवढेच उरले, तर मात अशक्य म्हणून डाव तेथेंच बरोबरींत सुटतो. उंटाच्या जागीं प्यादें असेल तर मात्र तो चालूं राहतो. कारण तें शेवटच्या घरीं पोंचून वजीर होऊं शकतें. उंट बलवान खरा, पण तो उंटच राहणार. प्याद्याचें पुढें काय होईल हें ठाऊक नसतें, म्हणून त्याला वेळ द्यावा लागतो. गठ्ठ्यांतील शेवटच्या पेपरासहि तो दिला पाहिजे; मग रात्र झाली तरी चालेल.