जो लुईचा डावा हात

मुष्टियुद्ध म्हणजे दोन दांडग्या माणसांनीं एकमेकांस बुकलून काढणें, याहून अधिक त्यांत कांहीं नाहीं, अशी आपल्याकडील पुष्कळ विचारी मंडळींची समजूत आहे. त्यांच्याशीं भांडण्याचा माझा हेतु नाहीं. या खेळांत मेंदूला होणारी इजा खरी आहे, आणि ती नाकारणारा मनुष्य एक तर अजाण असला पाहिजे, नाहीं तर तिकिटें विकणारा. माझें म्हणणें एवढेंच कीं, ज्या खेळांत निम्मी लढाई रिंगणांत उतरण्यापूर्वींच डोक्यानें लढावी लागते, त्याला निव्वळ दांडगाई म्हणणें न्यायाचें नव्हे. आपल्या तालमींतील वस्ताद प्रतिस्पर्धी पैलवान कोणत्या पायावर भार देतो हें आधीं पाहून ठेवतात. त्यांना हें निराळें सांगावयास नको.

याचें उत्तम उदाहरण म्हणून जो लुई व मॅक्स श्मेलिंग यांच्या दोन लढतींकडे मी नेहमीं वळतों. पहिली १९ जून १९३६ रोजीं झाली, दुसरी २२ जून १९३८ रोजीं. दोन्ही न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममध्यें. दोहोंचे चित्रपट आज कोणासही पाहावयास मिळतात, व मीं ते इतक्या वेळां पाहिले आहेत कीं घरच्या माणसांनीं आतां त्याविषयीं बोलणें सोडून दिलें आहे. ते पाहतांना मीं स्वतःशीं एक खेळ मांडला. दुसऱ्या लढतीचा निकाल मला ठाऊक नाहीं, आजच ती २२ जूनची सकाळ आहे, असें समजावयाचें. आणि हातीं असलेल्या पुराव्यावरून, लुईनें आज रात्रीं काय करावें, हें ठरवावयाचें.

त्यासाठीं प्रथम पहिली लढत नीट समजली पाहिजे. १९३६ सालीं लुई अवघा २२ वर्षांचा होता व धंदेवाईक लढतींत तोंवर एकदांही हरला नव्हता. त्यानें १९३५ मध्यें प्रीमो कार्नेरा व मॅक्स बेअर या दोघां माजी जगज्जेत्यांस लोळविलें होतें. श्मेलिंग तीस वर्षांचा. तोही १९३० पासून १९३२ पर्यंत जगज्जेता होता, पण मधल्या काळांत बेअरकडून मार खाऊन बसलेला. त्यामुळें जाणत्यांनीं त्याची गणना उतरत्या माणसांत केली होती. लुई सरावाच्या दिवसांत गोल्फ खेळण्यांत रमला, त्याचें कारणही हेंच. श्मेलिंग मात्र डिसेंबर १९३५ मध्यें लुईची पाउलीनो उझकुदून याच्याशीं झालेली लढत पाहण्यास मुद्दाम रिंगणाशेजारीं जाऊन बसला होता. लुईच्या लढतींचे चित्रपटही त्यानें पुनःपुन्हां पाहिले. आपल्याला कांहीं तरी दिसलें आहे, एवढेंच तो वार्ताहरांस सांगे. काय दिसलें तें सांगत नसे.

त्याला काय दिसलें होतें? मुष्टियोद्धा उभा राहतो तेव्हां डावा पाय व डावा हात पुढें असतो, उजवा हात हनुवटीशीं राखणीस असतो. डाव्या हाताचा सरळ ठोसा हें त्याचें रोजचें हत्यार. त्यानेंच तो अंतर मोजतो व प्रतिस्पर्ध्यास दूर ठेवतो. नियम असा कीं, हा हात खांद्यापासून ज्या रस्त्यानें गेला त्याच रस्त्यानें परत आला पाहिजे, कारण तो परतेपर्यंत डावा गाल उघडा असतो. लुईचा हात जातांना राजरस्त्यानें जाई आणि येतांना आडवाटेनें, म्हणजे किंचित् खालून, येई. तेवढ्या निमिषांत त्याच्या डाव्या गालाचें दार उघडें पडे. आणि त्या दाराच्या अगदीं समोर श्मेलिंगचा उजवा हात. श्मेलिंगच्या साऱ्या शिदोरींत भारी वस्तु कोणती असेल तर ती हीच. तो शरीराचा भार मागच्या पायावर टाकून, हनुवटी डाव्या खांद्याआड लपवून उभा राही, व उजवा हात चाप ओढलेल्या बंदुकीसारखा तयार ठेवी.

येथें एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. हें ज्ञान फुकट नव्हतें. लुईचा डावा हात परत यावयाचा तर तो आधीं यावयास पाहिजे, म्हणजे तो ठोसा श्मेलिंगनें खाल्लाच पाहिजे. पहिल्या तीन फेऱ्यांत त्यानें असे कितीतरी खाल्ले. त्याचा डोळा सुजला. चित्रपट पाहतांना या तीन फेऱ्या मला सर्वांत मोलाच्या वाटतात, कारण त्यांत दिसायला कांहींच घडत नाहीं. एक माणूस मार खात खात हिशेब जुळवीत आहे, एवढेंच. चौथ्या फेरींत उजवा हात बरोबर त्या वाटेनें आंत गेला आणि लुई धंदेवाईक लढतींत प्रथमच जमिनीवर आला. त्यानंतर त्याची शुद्ध पुरती परतलीच नाहीं. शुद्ध नसल्यानें डावा हात अधिकच खालीं राहूं लागला, आणि श्मेलिंगचें काम अधिकच सोपें झालें. बाराव्या फेरींत लुई पडला तो उठला नाहीं.

आतां आपण दुसऱ्या लढतीच्या सकाळीं येऊं. मधल्या दोन वर्षांत काय घडलें? लुईनें २२ जून १९३७ रोजीं जेम्स ब्रॅडॉकला आठव्या फेरींत पाडून जगज्जेतेपद मिळविलें. पण त्या लढतींत ब्रॅडॉकच्या उजव्या हातानें त्याला पहिल्याच फेरींत खालीं बसविलें होतें. ऑगस्टमध्यें वेल्सचा टॉमी फार त्याच्यापुढें पंधराही फेऱ्या टिकून राहिला. म्हणजे खोड गेली आहे, असें छातीवर हात ठेवून सांगण्याजोगा पुरावा नव्हता. श्मेलिंगच्या बाजूनें पाहावें तर या काळांत तो फक्त तीनदां लढला व आतां बत्तीस वर्षांचा झाला होता. हॅरी टॉमस नांवाचा एक मुष्टियोद्धा दोघांच्याही वाट्यास आला. श्मेलिंगला त्याच्यासाठीं आठ फेऱ्या लागल्या, लुईला पांच. अशा त्रैराशिकावर माझा विश्वास थोडा आहे. जॅक शार्कीनें १९३२ मध्यें श्मेलिंगला गुणांवर हरविलें, लुईनें शार्कीला १९३६ मध्यें तिसऱ्या फेरींत लोळविलें, म्हणून लुई श्रेष्ठ, हा हिशेब पाटीवर सुटतो. रिंगणांत तो सुटत नाहीं.

लुईपुढें मार्ग तीन. पहिला, डावा हात सुधारणें. त्याचा शिक्षक जॅक ब्लॅकबर्न हा कसलेला माणूस, त्यानें यावर पुष्कळ मेहनत घेतली. परंतु हाताला जडलेली संवय थकव्याच्या वेळीं पुन्हां डोकें वर काढते. दुसरा, लांबून सावधपणें लढणें. हा तर सर्वांत वाईट, कारण लांबून लढावयाचें तें डाव्या हातानेंच, आणि श्मेलिंगला नेमकें तेंच हवें होतें. तिसरा मार्ग धाडसाचा. श्मेलिंगच्या उजव्या ठोशाला दोन गोष्टी लागत: मागें रेलण्यास जागा, आणि हिशेब जुळविण्यास दोन-तीन फेऱ्यांचा अवधि. त्याला ना जागा द्यावयाची, ना अवधि. घंटा होतांच अंगाशीं भिडावयाचें, आंखूड ठोसे मारावयाचे आणि त्याला दोराशीं नेऊन टेकवावयाचें. पाठीशीं दोर आला कीं मागें रेलणें संपलें. धोका उघड होता. पहिल्या कांहीं फेऱ्यांत काम झालें नाहीं, तर दमलेला लुई व ताजातवाना श्मेलिंग अशी गांठ पडली असती, आणि मग पुन्हां तीच आडवाट. तरीही, मला विचारलें असतें तर, मीं तिसऱ्या मार्गाकडेच बोट दाखविलें असतें. आपली खोड मोडेलच याचा भरंवसा नसेल, तर तिचा लाभ घेण्यास समोरच्याला उसंत मिळूं न देणें हेंच शहाणपणाचें.

आणि त्या रात्रीं पणाला लागलें होतें तें केवळ जेतेपद नव्हे. जर्मनींत हिटलरची सत्ता होती, आणि १९३६ च्या निकालाचें भांडवल करून गौरवंशाच्या श्रेष्ठत्वाचे नगारे तेथें बडविण्यांत आले होते. श्मेलिंग स्वतः नाझी पक्षाचा सभासद नव्हता. त्याचा अमेरिकेंतील व्यवस्थापक जो जेकब्स हा तर यहुदी होता. परंतु नगारा वाजविणारा, कातडें कोणाचें आहे हें विचारीत बसत नाहीं. दुसऱ्या बाजूस लुई हा अलाबामांतील गरीब कृष्णवर्णी घरांत जन्मलेला, गुलामांचा वंशज. सारी अमेरिका त्या रात्रीं त्याच्या नांवानें गर्जत होती, आणि त्याच अमेरिकेच्या दक्षिण भागांत त्याला गोऱ्या माणसांच्या उपाहारगृहांत एका मेजावर बसून जेवतां आलें नसतें. हा विरोध मला त्या लढतीहून कमी भयंकर वाटत नाहीं.

सुमारें सत्तर हजार प्रेक्षकांसमोर घंटा झाली. लुई सरळ पुढें गेला. डावा ठोसा त्यानें एकटा धाडलाच नाहीं. एकामागून दुसरा, आणि त्याच्या पाठोपाठ उजवा. श्मेलिंगचा उजवा हात एकदां आला खरा, पण मागें रेलण्यास जागा नसल्यानें त्यांत जोर उरला नव्हता. पुढच्याच क्षणीं तो दोरावर होता. वरचा दोर धरून तो वळला असतां लुईचा एक ठोसा त्याच्या बरगडीमागें बसला, आणि त्याची किंकाळी दूरवर बसलेल्यांनाही ऐकूं गेली. त्या ठोशानें पाठीच्या कण्याचें हाड मोडलें, असें पुढें वैद्यकीय तपासणींत आढळलें. त्यानंतर तो तीनदां पडला. त्याचा शिक्षक मॅक्स माखोन यानें टॉवेल रिंगणांत फेंकला. न्यूयॉर्कच्या नियमांत ती शरणागति मान्य नव्हती, म्हणून पंच आर्थर डोनोव्हन यांनीं तो उचलून बाहेर भिरकावला, आणि दुसऱ्याच क्षणीं लढत स्वतःच थांबविली. दोन मिनिटें चार सेकंद! हिशेब जुळविण्यास तीन फेऱ्या लागणाऱ्या माणसास एक फेरीही पुरती मिळाली नाहीं.

खोड समूळ गेली होती काय? मला तसें वाटत नाहीं. डिसेंबर १९४७ मध्यें जर्सी जो वॉल्कॉटनें उजव्या हातानेंच लुईला दोनदां खालीं बसविलें. लुई तेव्हां पंचांच्या बहुमतानें कसाबसा वांचला. तरीही १९४९ मध्यें तो आपण होऊन निवृत्त झाला, तोंवर त्यानें जेतेपद पंचवीस वेळां राखलें होतें.

श्मेलिंग जर्मनीस परतला तो पराभूत म्हणून, आणि सत्ताधाऱ्यांना पराभूताचें कौतुक नव्हतें. त्याच सालच्या नोव्हेंबरांत बर्लिनमध्यें यहुद्यांचीं दुकानें व प्रार्थनामंदिरें फोडण्यांत आलीं, तेव्हां त्यानें लेविन नांवाच्या एका यहुदी स्नेह्याच्या दोन मुलांना हॉटेलांतील आपल्या खोल्यांत लपवून ठेवलें. ही गोष्ट त्यानें स्वतः कधीं बाहेर सांगितली नाहीं. त्या मुलांपैकीं एकानें ती १९८९ मध्यें जगजाहीर केली. युद्ध संपल्यावर, १९५४ मध्यें, तो अमेरिकेंत गेला असतां लुईला शोधून भेटला. पुढें लुईला पैशाची फार ओढ लागली, सरकारच्या करापायीं तो बुडाला, आणि त्या दिवसांत श्मेलिंगशीं त्याचा स्नेह टिकून राहिला. लुई १९८१ मध्यें वारला. श्मेलिंग २००५ मध्यें, वयाच्या नव्याण्णवाव्या वर्षीं.