कट्ट्यावरचा डाग
विहिरीवरच्या पंपाच्या पेट्रोल इंजिनाचं तेल पहिल्यांदा बदललं, तेव्हा आम्ही नट थेट सोडला. काळं तेल कट्ट्यावरून पाण्याकडे ओघळलं. पिणं, वुजू, स्वयंपाक सगळं त्याच पाण्यावर. अम्मी म्हणाल्या, "वर्गात जलप्रदूषण शिकवता ना?" बोलायला तोंड नव्हतं.

आता इंजिन अंगणात आणतो. पाच मिनिटं चालवून बंद करतो. कोमट तेल लवकर उतरतं. प्लगची टोपी काढतो. इंजिन विटांवर चढवून नटाखाली बाटली उभी चिरून केलेली पन्हळ लावतो, तिचं टोक जुन्या कॅनमध्ये. नवं तेल ६०० मिली, मोजूनच. जास्त झालं की धूर. जुनं तेल गॅरेजवाल्याकडे जातं.

डाग मात्र अजून आहे. अम्मी बादली त्याच्या पलीकडे ठेवतात.