वस्तादांच्या हातचं इंजिन

माझ्याकडे फोर्ड कंपनीची १९१४ सालची मॉडेल टी आहे. कागदोपत्री मालक मी. पण या गाडीबद्दल कुणी विचारलं की मला आधी आठवतात ते कोल्हापूरच्या उद्यमनगरातले एक वस्ताद. ऑइल इंजिनांच्या कामात त्यांची हयात गेली. त्यांनी स्वतःची मोटार कधी घेतली नाही. तरी आज ही गाडी धावते ती त्यांच्यामुळे.

१९०८ ते १९२७ या काळात मॉडेल टी दीड कोटी निघाल्या. जगाच्या हिशेबात त्या तशा पुष्कळ उरल्या आहेत. पण पितळी रेडिएटर १९१६ पर्यंतच टिकला, पुढे तो काळ्या रंगाचा झाला. पितळी तोंडाची, कार्बाइडच्या गॅसवर पेटणाऱ्या दिव्यांची गाडी आपल्या मुलखात क्वचितच दिसते. माझी गाडी एका वाड्याच्या गोठ्यात कडब्याआड उभी होती. वाड्यातल्या आक्कांनी ती भंगारवाल्याला दिली नाही, इंजिन काढून मागणाऱ्यांनाही दिली नाही. "मोडायची नसंल तरच न्या," एवढीच त्यांची अट.

त्यांचं खरं ऋण मला गाडी घरी आणल्यावर कळलं. मॉडेल टीच्या चार सिलिंडरना चार स्वतंत्र कॉइल असतात, त्या एका पेटीत बसतात. त्यांना दमट हवा लागली की आतलं इन्सुलेशन जातं आणि ठिणगी मरते. सासऱ्यांच्या सांगण्यावरून आक्कांनी ती पेटी गोठ्यातून काढून स्वयंपाकघरातल्या फडताळात, चुलीच्या बाजूला ठेवली होती. तिथे ती किती पावसाळे कोरडी राहिली असेल कोण जाणे. पत्रा पुन्हा ठोकता येतो, पितळ घासता येतं. त्या मूळ कॉइल मात्र गेल्या असत्या तर गेल्याच होत्या.

इंजिन जाम होतं. ते ट्रॉलीवर घालून मी वस्तादांकडे नेलं. या इंजिनाला तेलाचा पंप नाही. मागच्या फ्लायव्हीलवर सोळा लोहचुंबक बसवलेले असतात. ते फिरताना वीज तयार करतात आणि तेलही उडवतात. उडालेलं तेल एका नळीतून पुढे जातं. पाण्यालाही पंप नाही. गरम पाणी आपोआप वर चढतं आणि रेडिएटरमध्ये थंड होऊन खाली येतं. वस्तादांनी ते सगळं उघडून पाहिलं, बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ज्यानं केलंय त्यानं कमी सामानात केलंय. आपण त्यात भर घालायची न्हाई."

बेअरिंगचा व्हाइट मेटल झिजून गेला होता. आज बहुतेक इंजिनांत तयार बेअरिंग मिळतात, बदलता येतात. इथे मात्र धातू वितळवून थेट त्या जागेवर ओतावा लागतो. जुना धातू उतरवायचा, जागा स्वच्छ करून कल्हई धरायची, बीड आधी तापवून घ्यायचं आणि मग धातू एका दमात ओतायचा. मध्ये हात थांबला तर धातूत थर पडतो. वस्ताद तापमान काडीने बघत. वाळकी काडी धातूत बुडवली आणि ती पेट न घेता करपली की म्हणत, "आता." ओतल्यावर निळा रंग लावून शाफ्ट फिरवायचा, जिथे रंग उमटेल तिथे स्क्रॅपरने केसाएवढा धातू काढायचा, पुन्हा रंग, पुन्हा स्क्रॅपर. त्या कामात ते घड्याळ बघत नसत. मी कॉलेजात यंत्रशास्त्र शिकवायचो म्हणून ते मला मास्तर म्हणत, आणि स्क्रॅपर माझ्या हातात देऊन शेजारी उभे राहत. पृष्ठभागाला पृष्ठभाग कसा टेकतो हे मी पुस्तकातून शिकवलं होतं. बोटांना ते त्यांनी शिकवलं.

हँडल मारायलाही त्यांनीच शिकवलं. "अंगठा बोटांच्या बाजूलाच ठेवा. हँडल वर वडायचं, खाली दाबायचं न्हाई. आन् आधी टायमिंग मागं घ्या, न्हाईतर मनगट जातंय." सुकाणूखाली दोन छोट्या दांड्या असतात, एक पेट्रोलची आणि एक ठिणगीच्या वेळेची. दुसरी पुढे राहिली तर इंजिन उलटा झटका देतं. त्या काळात असे हात पुष्कळांचे मोडले.

चाकं लाकडी, प्रत्येकाला बारा आरे. त्यांची कुरकुर ऐकून वस्तादांनी मला बैलगाडीची चाकं करणाऱ्या एका सुतारांकडे धाडलं. बैलगाडीच्या चाकात आरे तुंब्यात ठोकलेले असतात. इथे मध्यभागी ते पाचरीसारखे एकमेकांना रेटून उभे असतात, वरून फक्त लोखंडी चकत्या. सुतारकाकांनी हे हात फिरवूनच ओळखलं आणि सैल झालेले आरे जुन्या बाभळीतून नवे घडवले. मूळ लाकूड अमेरिकेतलं हिकरी. ते आणता आलं असतं, पण या हातांनी केलेली दुरुस्तीही आता गाडीच्या इतिहासाचाच भाग आहे असं मी मानतो.

मला गाडी रंगवून चकचकीत करायची होती. वस्ताद म्हणाले, "रंग कवाबी मारता येतोय. ह्यो गेला की परत येत न्हाई." म्हणून दारांवरचा जुना काळा रंग भेगांसकट तसाच आहे. पुढे २०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरच्या गाड्यांच्या नोंदणीसाठी वेगळे नियम केले, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं आली. चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार नको, ही त्यात अट आहे. वस्तादांनी ती कितीतरी आधी घातली होती.

शिकवण्याचे पैसे त्यांनी घेतले नाहीत, फक्त धातूचे घेतले. ते गेले त्यालाही आता काळ लोटला. त्यांच्या शेडमध्ये काडी बुडवून "आता" म्हणणारं कुणी राहिलेलं नाही.

नोंदणीच्या पुस्तकात मालकांची नावं असतात. मिस्त्री, सुतार, फडताळ सांभाळणाऱ्या आक्का यांना तिथे रकाना नाही. म्हणून गाडीसोबत मी एक वही ठेवली आहे. कुणी काय केलं, कोणत्या धातूने, कोणत्या लाकडाने, हे सगळं नावांसकट त्यात लिहिलं आहे, आणि गाडी पुढे ज्याच्याकडे जाईल त्याला ती वही घ्यावीच लागेल. तुमच्या घरी, गोठ्यात, शेडमध्ये अशी एखादी गाडी उभी असेल तर रंगाऱ्याला बोलावण्याआधी गावातला सगळ्यात जुना मिस्त्री शोधा. तो अजून असेल तर उद्याच जा, आणि जाताना वही घेऊन जा.