टोकियोचा आखाडा आणि आपले बाहुबली



मुलींना ज्युदो-कराटे शिकवावे का, हा विषय हल्ली आपल्या महिला मंडळात दर दोन-तीन महिन्यांनी निघतोच. काहीजणी म्हणतात, काळ बरा नाही, शिकवायलाच हवे. काहीजणी म्हणतात, आपण पाणीसुद्धा गाळून पिणारी माणसे, आपल्या मुलींना मारामारी कशाला शिकवायची? आमच्या घरातही हेच दोन पक्ष होते. नातीला क्रांती चौकाजवळच्या एका ज्युदोच्या क्लासला जायचे होते. सूनबाई तयार, आमचे हे नाखूष आणि मी मधे.

विषय निघाला त्याला कारण होते. नात बारा वर्षांची. शिकवणीहून सायकलवर परत येताना दोन मुले गाडीवरून तिच्या मागे यायची, काहीबाही बोलायची. तिने आठ दिवस घरात कोणाला सांगितले नाही. कळल्यावर यांनी तोडगा काढला की शिकवणी बंद करू, मास्तरांना घरी बोलावू. त्यावर ती एवढेच म्हणाली, "आजोबा, त्रास त्यांनी दिला आणि घरात मी बसायचं?" या प्रश्नाचे उत्तर आमच्यापैकी कोणाकडेच नव्हते.

शिवजयंतीला आपल्या क्रांती चौकात महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्यासमोर मुली लाठीकाठी आणि दांडपट्टा फिरवतात. तेव्हा आपण सगळ्या कौतुकाने टाळ्या वाजवतो. पण त्या दुसऱ्यांच्या मुली असतात. आपल्या घरातली मुलगी म्हटली की हात आखडतो.

हे सगळे अर्धवट ठेवूनच आम्ही दोघे नोव्हेंबरात लेकीकडे जपानला गेलो. ती आणि जावई टोकियोत निशी-कासाईला राहतात. त्या भागात भारतीय कुटुंबे पुष्कळ, त्यामुळे डाळ-तांदूळ आणि मराठी बोलणे दोन्ही मिळते. राहण्याचा खर्च नव्हता, पण विमानाच्या तिकिटातच आमची वर्षभराची शिल्लक गेली होती. मी बी.कॉम. झालेली बाई, जमाखर्चाची वही परदेशातही पर्समध्येच. लेकीला सांगून टाकले, फुकट किंवा स्वस्त असेल तेच दाखव. म्हणून मोठ्या तिकिटाचे मनोरे आम्ही खालूनच पाहिले. सरकारी कचेरीच्या इमारतीत पंचेचाळिसाव्या मजल्यावरून सारे शहर फुकट दिसते, ते मात्र डोळे भरून पाहिले.

नातीने व्हिडिओ कॉलवर बजावले होते, "आजी, कोडोकान बघितल्याशिवाय यायचं नाही." कोडोकान म्हणजे ज्युदोचे मूळ घर. लेकीने चौकशी केली तर कळले, आठव्या मजल्यावर प्रेक्षकांची जागा आहे, कोणीही जाऊन बसावे, तिकीट नाही. मग काय, वहीला हरकत असण्याचे कारणच नव्हते!

नोव्हेंबरात तिथे सूर्य साडेचारच्या सुमारासच मावळतो. त्यामुळे दशम्या, मुगाची कोरडी चटणी आणि दही असा डबा आम्ही कोराकुएन स्टेशनजवळच्या बाकावर बसून चारलाच संपवला आणि मग निवांतपणे गेलो. दाराशी जिगोरो कानो यांचा पुतळा आहे. वर जाऊन बसलो. खाली सातव्या मजल्यावरचा आखाडा बघून मी थक्कच झाले. ४२० चटया अंथरलेले एवढे मोठे दालन, आणि त्यात मुले, कॉलेजची पोरे, बायका, पांढऱ्या केसांचे आजोबा, सगळे एकाच वेळी सराव करताहेत. चटईवर पाय ठेवण्याआधी प्रत्येकजण वाकून नमस्कार करतो. जोडीदारालाही आधी नमस्कार, मग झुंज, आणि संपल्यावर पुन्हा नमस्कार. आपण देरासरात पाऊल टाकताना निस्सही म्हणतो ना, तसे काहीसे मला वाटले. नंतर समजले की त्यांचा 'दोजो' हा शब्द मुळात बौद्ध परंपरेतला, संस्कृत 'बोधिमंड' या शब्दावरून केलेला. म्हणजे ज्ञान होण्याची जागा!

आमच्या शेजारी एका मुलाची आई बसली होती. लेकीने तिच्याशी जपानीत गप्पा सुरू केल्या. ती हसत म्हणाली, "माझा मुलगा अजून कोणालाच पाडत नाही. सुरुवातीपासून नुसता पडायलाच शिकतोय." मी नीट पाहू लागले. खरेच, एका कोपऱ्यात लहान मुले पुन्हा पुन्हा पडत होती. हनुवटी छातीला टेकवायची म्हणजे डोके आपटत नाही. हात सरळ टेकवायचा नाही, मनगट मोडते. सगळा हात चटईवर थापटायचा म्हणजे धक्का विभागला जातो. ज्युदोत पाडण्याआधी पडणे शिकवतात. आपल्या वयाच्या बाईला हे किती पटावे! न्हाणीघरात घसरताना आपण हात टेकवतो आणि मनगट प्लास्टरमध्ये जाते, हे आपल्यापैकी कितीजणींनी भोगले आहे. (घरी करून बघू नका बरं का. शिकवणारा हवा आणि जाड चटई हवी.)

मग मोठ्यांच्या झुंजीकडे वळले. पहिल्यांदा धडाधड पडणारी माणसे बघून छातीत धस्स झाले. पण थोड्या वेळाने एक गोष्ट लक्षात आली. पाडणारा समोरच्याला पाडून मोकळा होत नाही. पडणाऱ्याच्या अंगरख्याची बाही तो घट्ट धरून ठेवतो आणि शेवटच्या क्षणी किंचित वर ओढतो, म्हणजे त्याची पाठ नीट टेकावी, डोके आपटू नये. सरावात ही पाडणाऱ्याचीच जबाबदारी असते. एका धिप्पाड मुलाने एका किरकोळ मुलीला पाडले ते असे अलगद, की आपण बाळाला पाळण्यात ठेवतो तसे. आणि पकड सहन होत नसेल तर दोनदा थापटायचे, समोरच्याने त्याच क्षणी सोडायचे. हट्ट नाही, अपमान नाही.

या कानोंची हकीकत लेकीने घरी येऊन वाचून दाखवली. १८६०चा जन्म. शाळेत अंगाने किरकोळ म्हणून मोठी मुले त्यांना छळायची, त्यातून ते जुनी जुजुत्सू विद्या शिकले. विद्यापीठात राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र घेतले. १८८२ साली टोकियोतल्या एका बौद्ध मंदिरात अवघ्या १२ चटया आणि ९ शिष्य घेऊन त्यांनी कोडोकान सुरू केले. जुन्या विद्येतले जिवावर बेतणारे डाव मोकळ्या सरावातून वगळले आणि तिला नाव दिले ज्युदो, म्हणजे मृदू मार्ग. त्यांची दोन तत्त्वे आहेत. पहिले, शक्तीचा उत्तमात उत्तम उपयोग, म्हणजे थोड्या ताकदीत जास्तीत जास्त काम. हे तर आपल्या संसाराच्या अंदाजपत्रकाचेच सूत्र! दुसरे तत्त्व असे की माझे भले आणि दुसऱ्याचे भले बरोबरच व्हायला हवे. ते ऐकून आमचे हे एकदम सरसावून बसले. आपल्या जैन प्रतीकाखाली जे सूत्र लिहिलेले असते, जीवांनी एकमेकांच्या उपयोगी पडावे असे सांगणारे, त्याच्याच हे जवळचे, नाही का?

मुलींनाही कोडोकानात १९२६ पासून स्वतंत्र विभाग होता. त्यात केइको फुकुदा नावाच्या बाई शिकल्या. उंचीने पाच फुटांच्या आतल्या, लग्नापेक्षा ज्युदो निवडलेल्या. स्त्री म्हणून त्यांना पाचव्या श्रेणीवर वर्षानुवर्षे थांबवून ठेवले गेले. शेवटी २०११ साली, वयाच्या ९८व्या वर्षी, अमेरिकेतल्या ज्युदो संघटनेने त्यांना दहावी, सर्वोच्च श्रेणी दिली. आपल्याकडेही हे काही नवे नाही. रवींद्रनाथांनी १९२९ साली शांतिनिकेतनात जपानहून ज्युदोचे गुरुजी बोलावले होते आणि तिथल्या मुलीही ज्युदो शिकल्या.

आता आपल्या धर्माचे. हिंसेचे चार प्रकार आपण पाठशाळेत शिकलो आहोत: संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. श्रावकाने पूर्णपणे सोडायची ती संकल्पी, म्हणजे ठरवून केलेली. स्वतःचे किंवा आश्रिताचे रक्षण करताना घडते ती विरोधी. ती गृहस्थाला सर्वस्वी टाळता येत नाही हे शास्त्रकारांनी ओळखले होते. श्रवणबेळगोळची बाहुबलींची मूर्ती घडवून घेणारे चामुंडराय हे तर सेनापती होते.

आणि बाहुबलींची कथा तुम्हाला मी काय सांगावी! दोन भावांच्या भांडणात सैन्याचे रक्त सांडू नये म्हणून मंत्र्यांनी तीन युद्धे ठरवली: दृष्टियुद्ध, जलयुद्ध आणि मल्लयुद्ध. कुस्तीत बाहुबलींनी भरताला उचलले. जमिनीवर आपटले असते तर विजय झाला असता, भाऊ मात्र राहिला नसता. थोरल्या भावाचा मान राखून त्यांनी त्याला आपटले नाही, खांद्यावर घेतले. लहानपणापासून ऐकलेली ही गोष्ट मला कोडोकानच्या त्या गॅलरीत नव्याने उमगली. ज्याला उचलताच येत नाही त्याने आपटले नाही, यात अहिंसा कसली? बळ असून ज्याने खांद्यावर घेतले त्याची अहिंसा. वेरूळला इंद्रसभेत बाहुबली उभे आहेत, पायांवर वेली चढलेल्या. आपण तिथे हात जोडतो. ते शांत आहेत, पण दुबळे नाहीत.

परत आल्यावर हे स्वतः नातीच्या क्लासवर जाऊन एक संध्याकाळ बसले. घरी आले आणि म्हणाले, "बाही धरतात." एवढेच. दुसऱ्या दिवशी फी भरली. आज तीन महिने झाले. पहिला महिना ती नुसती पडत होती. शिकवणी चालू आहे, सायकलही चालू आहे. त्या मुलांच्या बाबतीत तिच्या वडिलांनी पोलिसांत कळवले, ते वेगळे. बारा वर्षांच्या मुलीने रस्त्यावर कोणाशी झुंजावे असे मला मुळीच वाटत नाही, तिच्या सरांनाही नाही. सर सांगतात, पहिला डाव ओरडणे आणि दुसरा पळणे. फरक पडला तो एवढाच, की परवा शाळेतून येताना कोणी काही बोलले तर ती घरात शिरल्या शिरल्या सांगून मोकळी झाली. आठ दिवस मनात ठेवले नाही. मला यातच सगळे आले.

तुमच्यापैकी कोणी नातीला, लेकीला घालायचा विचार करत असाल तर क्लासची जाहिरात वाचून ठरवू नका. एक दिवस जाऊन तासभर बसा. सुरुवातीला पडायला शिकवतात का पाहा. चटया जाड आणि स्वच्छ आहेत का, मोठी मुले लहानांना कशी पाडतात, मुलींसाठी बाई शिक्षिका आहे का, मूल 'नको' म्हणाले तर लगेच थांबतात का, हेही पाहा. बसायला नाही म्हणाले तर सरळ दुसरा क्लास शोधा. जगातला सर्वांत नामांकित आखाडा जर फुकट बसून पाहू देतो, तर आपल्या गल्लीतल्या क्लासने पडदा का लावावा?

पुढच्या वेळी टोकियोत चौविहार कसा सांभाळला आणि माशांचा अर्क नसलेले पदार्थ कसे ओळखायचे, ते सविस्तर लिहीन.

जय जिनेंद्र.